गारपगाऱ्यापासून पंचनाम्यापर्यंत

बीड जिल्ह्यांत फाल्गुनाच्या सुमारास खेड्याचें रूप भरल्या घरासारखें असतें. शाळूची ज्वारी कांहीं शेतांत उभी असते, कांहीं शेतांत काढून पडलेली असते. हरभऱ्याचे ढीग खळ्यावर येऊं लागतात. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडतात. आंब्याचा मोहोर गळून त्या जागीं वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरलेल्या असतात. घरामागच्या परसांत शेवग्याला शेंगा लोंबतात, लिंबाला फुलें येतात, सांडपाण्यावर मेथी-कोथिंबिरीचे वाफे हिरवे असतात. वर्षाची बेगमी डोळ्यांसमोर दिसते. पण ती अजून घरांत आलेली नसते. गारपिटीचें भय असतें तें नेमकें याच दिवसांत.

दुपारपर्यंत ऊन अंगाची लाही करितें. मग पश्चिमेकडे काळ्या-तांबूस ढगांची भिंत उभी राहते, एकाएकीं गार वारा सुटतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत सारा खेळ आटोपतो. मागें राहतें तें असें : अंगणांत गारांचा थर, फुटलेल्या कौलांचा चुरा, पत्र्याच्या भोंकांतून दाण्याच्या पोत्यांवर गळणारें पाणी, चुलीपुढें भिजलेलें सरपण, झाडांखालीं मरून पडलेलीं पांखरें, आणि परसांत एका अंगानें साल सोलून निघालेलीं झाडें. गारेचा मार ज्या बाजूनें आला ती बाजू झाडाच्या बुंध्यावर पुढें कित्येक वर्षें ओळखूं येते.

या संकटाचें एक लक्षण असें आहे कीं, त्यामुळें त्याचा इतिहास दुष्काळाच्या इतिहासाहून निराळा झाला. दुष्काळ सर्वांवर सारखा पडतो. विहीर आटली तर ती साऱ्या शिवाराची आटते. कर्ज काढावयाचें तर सारा गांव काढतो. आणि सरकारदरबारीं गाऱ्हाणें न्यावयाचें तर तेंहि साऱ्या गांवाच्या मुखानें जातें. गारपीट तशी नव्हे. ती पट्ट्यानें पडते. ओढ्याच्या अलीकडील शेत भुईसपाट होतें आणि पलीकडील शेतांत ज्वारी जशीच्या तशी डुलत असते. एका आळींतील घरांची कौलें फुटतात आणि दुसऱ्या आळींत नुसता शिडकावा होतो. दुष्काळांत शेतकरी गरीब होतो. गारपिटींत तो एकटा पडतो. या एकट्या पडलेल्या माणसाचें नुकसान कोणीं मोजावें, आणि तें भरून देण्याचा भार कोणीं घ्यावा, हा प्रश्न शतकानुशतकें खेड्यासमोर उभा आहे. आणि त्याचें उत्तर निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या तऱ्हांनीं शोधलें गेलें आहे.

गार होते कशी, हें आतां बरेंच समजलें आहे. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगानें वर चढते आणि मेघाच्या उंच, अतिथंड भागांत जाते. तेथें पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या खालीं उतरूनहि द्रवरूपच राहिलेले असतात. एखाद्या हिमकणाला ते चिकटतात व गोठतात. वर चढणारा वारा त्या कणाला खालीं पडूं देत नाहीं, आणि त्याच्यावर थरामागून थर चढत जातात. वाऱ्यालाहि तो पेलेनासा झाला म्हणजे तो पृथ्वीकडे धांव घेतो. गार मधोमध कापून पाहिली असतां कांद्यासारख्या पाकळ्या दिसतात त्या यामुळेंच. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत महाराष्ट्राच्या पठारावर जमीन तापलेली असते. अशा वेळीं उत्तरेकडून थंड कोरड्या हवेचा प्रवाह खालीं सरकला आणि समुद्रावरची दमट हवा त्याला येऊन मिळाली, म्हणजे गारांना हवी असलेली सारी सामग्री सिद्ध होते. या सामग्रीचा अंदाज वेधशाळा एक-दोन दिवस आधीं देऊं शकते. परंतु अमुक गांवाच्या अमुक शिवारावर गारा पडतील हें अशा वेळेआधीं कोणालाहि सांगतां येत नाहीं. गारेचा मार किती भयंकर असूं शकतो याचें जगांतील सर्वांत दारुण उदाहरण हिंदुस्थानांतीलच आहे. ३० एप्रिल १८८८ रोजीं वायव्य प्रांतांतील मुरादाबादेस झालेल्या गारपिटींत २४६ माणसें मेलीं, आणि जागतिक हवामान संघटनेनें २०१७ सालीं याची नोंद गारपिटीनें झालेली सर्वाधिक मनुष्यहानि म्हणून केली.

ज्याचा नेम सांगतां येत नाहीं तें संकट वाटेंतच अडवावें, अशी बुद्धि माणसाला होणें स्वाभाविक होतें. महाराष्ट्राच्या खेड्यांत या कामासाठीं एक स्वतंत्र माणूस असे. त्याचें नांव गारपगारी. नाथपंथी जोग्यांपैकीं कांहीं कुळांनीं हा व्यवसाय पत्करला आणि पुढें त्यांची वेगळी जातच बनली. रसेल आणि हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत नागपूर-वऱ्हाडकडील गारपगाऱ्यांचें तपशीलवार वर्णन आलें आहे. रात्रीं आभाळांत धूर आणि ज्वाळा मिसळल्यासारखा काळा-तांबडा रंग दिसला म्हणजे गारपगारी हातांत शस्त्र घेऊन मारुतीसमोर जाऊन उभा राही. आधीं तो ढग पांगविण्याची विनवणी करी. विनवणीनें काम झालें नाहीं तर धमकी देई कीं, ‘मी येथेंच प्राण देतों.’ बायकापोरांना देवापुढें उभें करून त्यांच्याहि जिवाची भीति तो देवाला घाली. पूर्वीं हे लोक अंगावर वार करून घेत असें म्हणत. ग्रंथ लिहिला गेला त्या काळापर्यंत ही रीत बोटांतून रक्ताचा थेंब काढण्यापुरती उरली होती.

या कामाबद्दल त्याला गांवच्या शेतकऱ्यांकडून धान्य मिळे. पिकावर लोभ ठेवून सारा गांव एका माणसाचें पोट भरी, आणि त्या माणसानें आपला जीव पणाला लावून साऱ्या गांवाचें पीक राखावें, असा हा करार होता. या कराराला हसणें सोपें आहे. परंतु त्याच्या दोन बाजू वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. मंत्रानें गार हटते ही समजूत खोटी होती. पण गारपिटीच्या भयाचा खर्च कोणा एकट्यानें न सोसतां सर्वांनीं मूठमूठ धान्य देऊन सोसावा, ही बाजू खोटी नव्हती. उणीव होती ती अशी कीं, गार पडलीच तर त्या मुठीमुठीतून जमलेल्या धान्यांतला दाणाहि ज्याचें शेत गेलें त्याच्या घरीं परत येत नसे. लोकांचा विश्वास उडाला तसतसें गारपगाऱ्याचें उत्पन्न आटलें, आणि त्या कुळांतील लोक शेतीमजुरीकडे किंवा भिक्षेकडे वळले.

गारपगाऱ्याची गोष्ट मागासलेल्या खेड्याची म्हणून सोडून द्यावी, तर त्याच काळांतील सुधारलेल्या युरोपचें वर्तन पाहण्याजोगें आहे. १८९६ सालीं ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतांतील आल्बर्ट श्टीगर या द्राक्षबागाइतदारानें ढगांवर डागावयाची एक तोफ उभी केली. उखळीच्या तोंडावर लोखंडी पत्र्याचें उंच नरसाळें बसविलेलें असे, आणि दारूच्या धमाक्यानें धुराचें एक कडें आकाशांत जाई. पहिल्या एक-दोन हंगामांत योगायोगानें गारा पडल्या नाहींत. तेवढ्यानें या तोफांची साथ पसरली. थोड्याच वर्षांत इटलीच्या द्राक्षमळ्यांत अशा हजारों तोफा उभ्या राहिल्या. त्या डागतांना कित्येक माणसें जखमी झालीं, कांहीं दगावलीं. शेवटीं १९०२ सालीं ग्राट्स येथें तज्ज्ञांची परिषद भरली, सरकारी देखरेखीखालीं दोन वर्षें प्रयोग झाले, आणि राखलेल्या मळ्यांवरहि गारांनीं झोड उठविल्यावर तोफा भंगारांत गेल्या. पुढें मेघांत चांदीच्या क्षाराची पूड सोडण्याचे प्रयोग अनेक देशांनीं केले; तरी गार खात्रीनें हटविण्याचा उपाय शास्त्राच्या हातीं आजहि नाहीं.

गार अडवितां येत नाहीं, तेव्हां ती सोसावयाचीच. आणि सोसण्याची पहिली जागा म्हणजे घराचें छप्पर. मराठवाड्याचें जुनें घर या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. दगडामातीच्या रुंद भिंती, लांकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काड्यांचा थर, आणि त्यावर एक-दोन फूट जाडीची चोपलेली माती. याला माळवद म्हणतात. पावसाळ्यापूर्वीं माळवदावर नवी पांढरी माती टाकून तें सारखें करावें लागे. हें माळवद उन्हाळ्यांत गार, हिवाळ्यांत उबदार, आणि गारांना तर अभेद्यच. केवढीहि गार पडली तरी मातींत रुतून बसे. खालच्या माणसाला फक्त धपधप आवाज ऐकूं येई.

हेंच माळवद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत काळ होऊन कोसळलें. किल्लारीच्या त्या भूकंपांत सुमारें आठ हजार माणसें गेलीं, आणि त्यांतील बहुतेक दगडी भिंती व मातीचीं जड छपरें यांच्याखालीं सांपडून गेलीं. त्यानंतर माळवदाखालीं निजण्याचा धसका लोकांनीं घेतला. भूकंपग्रस्त कुटुंबें कित्येक महिने पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिलीं. स्वस्त, हलका आणि वर्षावर्षाला माती न मागणारा पत्रा यापूर्वींच मराठवाड्याच्या खेड्यांत शिरला होता. त्याला आतां भयाचाहि पाठिंबा मिळाला. पत्रा भूकंपांत माणसाला मारीत नाहीं हें खरें. परंतु मोठ्या गारेपुढें तो टिकत नाहीं. पातळ पत्र्याला भोंकें पडतात, सिमेंटचा पत्रा तर तडकून खालीं येतो, आणि सोबतच्या वादळांत सारें छप्परच उडून जातें. एका संकटापासून राखणारें घर दुसऱ्या संकटाला उघडें पडतें. गरिबाला या दोहोंपैकीं एकाची निवड करावी लागते. दोन्हींतून राखणारें सिमेंट-लोखंडाचें पक्कें छप्पर ऐपतीप्रमाणें हळूहळू येतें, आणि बहुधा सगळ्या घरावर एकदम येत नाहीं.

घरानंतर बाग. येथें मात्र निसर्ग दिसतो तितका निष्ठुर नाहीं, आणि जाणत्या शेतकऱ्याला तें ठाऊक असतें. बीडच्या बालाघाट डोंगरांतील सीताफळाचें झाड पाहावें. हें झाड मूळचें अमेरिकेचें. पोर्तुगिजांनीं तें हिंदुस्थानांत आणलें असें मानतात. आणि या डोंगरांच्या हलक्या जमिनींत तें असें रुजलें कीं, २०१६ सालीं बीडच्या सीताफळाला भौगोलिक निर्देशाचें मानांकन मिळालें. फाल्गुनांत सीताफळ निष्पर्ण असतें. गारेला झोडपावयास त्याच्या अंगावर पानहि नसतें, फळ तर दूरच. आंबा, मोसंबी, डाळिंब, द्राक्ष हीं त्याच वेळीं मोहोरानें वा फळांनीं भरलेलीं असतात आणि खरा मार त्यांनाच बसतो. परसांतील पपई आणि शेवगा ठिसूळ लांकडामुळें मोडतात. कढीलिंब आणि लिंबू जखमी होतात, पण बहुधा जगतात.

गारपिटीनंतर पहिल्या दोन दिवसांत माणसाच्या हातून जी चूक होते ती घाईची. झोडपलेलें झाड मेलें असें समजून तें उपटलें जातें. वास्तविक मूळ शाबूत असतें, आणि दोन-तीन आठवड्यांत सुप्त डोळे फुटूं लागतात. तोंवर करावयाचें काम साधें आहे. साचलेलें पाणी चर काढून वाहून द्यावें. मोडलेल्या फांद्या लोंबत न ठेवतां नीट छाटाव्या. आणि उघड्या जखमांतून बुरशी शिरूं नये म्हणून त्यांवर मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण लावावें. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी हें फवारणीचें प्रमाण. कापलेल्या जागीं लावावयाच्या मलमासाठीं पाणी दहाच लिटर. द्राक्षबागाइतदारांनीं हें औषध १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्यें वापरांत आणलें, आणि गारेच्या तोफा भंगारांत गेल्या तरी हें मात्र टिकलें. पडलेल्या कैऱ्या लोणच्यास वा आमचुरास लागतात. भिजलेला हरभरा व गहूं पातळ पसरून वाळविला तर निदान घरच्या पोटाला येतो. काळी पडलेली ज्वारी बाजारांत मातीमोल होते, आणि चिखलांत लोळलेल्या कडब्यामुळें गुरांचाहि उन्हाळा कठीण जातो. हीं कामें बहुतेक घरच्या बायका करतात, आणि कोणत्याहि नुकसानीच्या यादींत त्यांचा हिशेब येत नाहीं.

उरला तो पैशाचा प्रश्न. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८८३ व १८८४ सालच्या कायद्यांनीं जमीनसुधारणेसाठीं आणि बीबियाणे व बैलांसाठीं तगाई देण्याची व्यवस्था झाली. पण तगाई म्हणजे कर्जच. जमीनमहसुलांतील सूट व तहकुबी आणेवारीवर ठरे. सोळा आण्यांचें पीक पूर्ण धरून गांवाचें पीक किती आणे आलें याचा अंदाज बांधावयाचा, आणि तो ठराविक मर्यादेखालीं गेला तर सवलत द्यावयाची. ही मोजणी साऱ्या गांवाची असे. दुष्काळाला ती लागू पडे. गारपिटीला पडत नसे. दहा शेतें साफ गेलीं आणि नव्वद उभीं राहिलीं तर गांवाची आणेवारी उत्तमच दिसे, आणि त्या दहा कुटुंबांचें दुःख सरासरींत बुडून जाई. निजामी राजवटींतील बीड १९४८ सालीं भारतांत, १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. आण्यांची पैसेवारी झाली. सरासरीचा हा दोष मात्र राहिला.

उत्तर जर्मनींत नॉयब्रांडेनबुर्ग येथील शेतकऱ्यांनीं १७९७ सालींच याचा दुसरा मार्ग काढला होता. प्रत्येकानें वर्गणी द्यावयाची, आणि ज्याच्या शेतावर गार पडेल त्याचें नुकसान त्या निधींतून भरून द्यावयाचें. गारपगाऱ्याच्या करारांतली मूठ येथें होती, आणि त्यांत नसलेली परतफेडहि होती. हिंदुस्थानांत म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनीं १९२० सालीं शेतीविम्याची योजना ग्रंथरूपानें मांडली. पण तिचा रोख अवर्षणावर होता आणि मोजमाप विभागवार पावसाचें होतें. कारण एकेका शेताची पाहणी खर्चाची, आणि लबाडीलाहि वाव देणारी. १९८५ ची पहिली देशव्यापी विमा योजना व १९९९ च्या रब्बींतील तिची सुधारलेली आवृत्ति या दोन्ही मुख्यतः विभागाच्या सरासरी उत्पन्नावरच उभ्या होत्या.

अशा स्थितींत २०१४ सालची गारपीट आली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, दोन आठवड्यांहून अधिक काळ, महाराष्ट्रावर राहून राहून गारा पडत होत्या. पस्तीसपैकीं अठ्ठावीस जिल्ह्यांना झळ पोंचली. बीडसह मराठवाड्याला ती फार लागली. त्याच सुमारास, ५ मार्च रोजीं, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली, आणि मदत जाहीर करण्यासाठींहि निवडणूक आयोगाची परवानगी लागली. अखेर मार्चमध्येंच राज्य मंत्रिमंडळानें सुमारें चार हजार कोटी रुपयांची मदत ठरविली : हेक्टरीं कोरडवाहूस दहा हजार, बागाइतीस पंधरा हजार आणि फळबागेस पंचवीस हजार रुपये. तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक यांनीं शेतोशेतीं व घरोघरीं जाऊन पंचनामे करावयाचे होते. पंचनामा हा शब्द शहरांतील माणसाला चौकीची आठवण देतो. पण गार पडलेल्या कुटुंबाला त्याचा अर्थ वेगळा असतो. सरासरींत हरवलेलें त्याचें नुकसान त्याच्या स्वतःच्या नांवानें कागदावर येतें तें या पंचनाम्यानेंच. म्हणून त्यांत एक रकाना चुकला तर तें कुटुंब दुसऱ्यांदा गारपिटींत सांपडतें.

पुढील वर्षीं पुन्हां अवकाळी पाऊस व गारपीट झाली, आणि एप्रिल २०१५ मध्यें केंद्र सरकारनें मदतीस पात्र नुकसानीची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर आणली. २०१६ च्या खरिपापासून आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत गारपीट ही स्थानिक आपत्ति मानून एकेका शेताची पाहणी करण्याची तरतूद झाली. शेतकऱ्यानें ठराविक मुदतींत सूचना द्यावी, एवढी अट होती. या योजनेच्या इतिहासांतहि बीडचें नांव आहे. २०२० सालीं या जिल्ह्यासाठीं कोणी कंपनी पुढें येईना, तेव्हां सरकारी विमा कंपनीमार्फत नवी रीत ठरली. भरपाई हप्त्यांच्या एकशें दहा टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा भार राज्यानें घ्यावा. आणि ती ऐंशी टक्क्यांहून कमी झाली तर कंपनीनें वीस टक्के ठेवून बाकीची रक्कम परत करावी. ‘बीड पॅटर्न’ या नांवानें ही रीत पुढें राज्याच्या इतर भागांतहि गेली. मात्र २०२५ च्या खरिपापासून राज्यानें विम्याची भरपाई पुन्हां केवळ पीककापणी प्रयोगांच्या सरासरीवर आणली, आणि स्थानिक आपत्तीचें वेगळें संरक्षण त्यांतून गळालें. एका शेतावर पडलेली गार मोजावयास आतां मुख्यतः सरकारी मदतीचा पंचनामाच उरला.

गारपगाऱ्याला धान्य देणारा गांव भाबडा होता. पण एकट्यावर येणारें संकट सर्वांनीं आधींच वांटून घ्यावयाचें असतें, हें त्याला कळलें होतें. जर्मन शेतकऱ्यांनीं त्याच मुठीला हिशेबाची जोड दिली. ती मूठ आज विम्याचा हप्ता म्हणून किंवा कर म्हणून जमा होतेच. तिचा उपयोग किती झाला हें राज्याच्या सरासरीवरून कळावयाचें नाहीं. ओढ्याच्या अलीकडे ज्याच्या पत्र्याला भोंकें पडलीं, ज्याच्या दारचा लिंबू एका अंगानें सोलला गेला, त्याच्या घरीं मृगापूर्वीं त्या मुठींतलें कांहीं पोंचलें कीं नाहीं, यावरूनच तें ठरावयाचें आहे.